मजूरमंत्री बाबासाहेब आणि सार्वजनिक कामांचा कारभार

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आधी कुंभारी लागते आणि आणखी पुढे गेले की वळसंग. वळसंगच्या आपल्या बांधवांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी विहीर खणली गेली आणि १९३७ साली परमपूज्य बाबासाहेबांच्या हस्ते तिचे पाणी खुले झाले. त्या गोष्टीला जवळजवळ सत्तर वर्षे लोटल्यावर, २००६ साली, कुंभारीच्या शिवारात विडी वळणाऱ्या स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला केंद्र सरकार, राज्य सरकार आणि कामगार स्त्रिया असा तिघांचा पैसा लागला. गावाने हाकलले म्हणून वेगळी विहीर आणि सरकारने हक्काचा वाटा दिला म्हणून घर, ह्या दोहोंमध्ये पुष्कळ अंतर आहे. ह्या मधल्या काळात सार्वजनिक कामे कोणी आखावी, त्यांचा पैसा कोठून यावा आणि ती कोणाच्या दारापर्यंत पोचावी, ह्याविषयी सरकारची रीत बदलत गेली. ती बदलणाऱ्यांत बाबासाहेब पहिल्या फळीत होते.

घटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. नागपूरची दीक्षाभूमी तर आपल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर आहे. परंतु १९४२ ते १९४६ ही चार वर्षे ते हिंदुस्थान सरकारचे मजूरमंत्री होते आणि देशाच्या नद्या, वीज व सरकारी बांधकामे ह्यांचा कारभार त्यांच्या खात्याकडे होता, हे जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकले जाते. म्हणून ते येथे सविस्तर सांगायचे आहे.

ह्याची सुरुवात दिल्लीपासून करून चालत नाही, ती साताऱ्यापासून करावी लागते. १९०१ सालची गोष्ट. सुभेदार रामजी त्या वेळी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे कॅशियर होते. दुष्काळाने माणसे हजारोंनी मरत होती आणि त्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने तेथे तलाव खोदायला काढला होता. लहान भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले सुट्टीत वडिलांकडे जायला निघाली. नवे कपडे अंगावर, डोक्याला टोप्या आणि शिदोरी बरोबर. मसूर स्टेशनावर उतरली तर न्यायला कोणीच नाही, कारण पत्र वडिलांच्या हाती वेळेवर पडले नव्हते. स्टेशनमास्तरांनी प्रेमाने चौकशी केली, पण जात कळताच त्यांचा चेहरा बदलला. एकही गाडीवान मुलांना गाडीत घेईना. शेवटी एकजण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि तेही मुलांनीच बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे ह्या बोलीवर. रात्र टोलनाक्यावर काढावी लागली. शिदोरी होती, पण पाणी मिळेना आणि पाण्यावाचून घास गिळेना. मुले उपाशीच निजली.

वाचकहो, आता ह्या प्रवासाकडे जरा निराळ्या नजरेने पाहू या. आगगाडी, टोलनाका आणि रस्त्याच्या शेवटी खोदला जात असलेला तलाव, ही सगळी लोकांच्या उपयोगासाठी म्हणून उभी केलेली कामे. तलावावरचा पैसा ज्यांच्या हातून जात होता ते कॅशियर म्हणजे ह्याच मुलांचे वडील. एवढे असून वाटेत घोटभर पाणी नाही! आणि तलाव तरी केव्हा निघाला? माणसे मरू लागली तेव्हा. ही दोन्ही दुखणी त्या वयात भीमरावांनी अंगावर सोसली. पहिल्या दुखण्याची कथा आपण नेहमी सांगतो, दुसरे विसरतो.

दुसरे दुखणे सोलापूरकरांना नवे नाही. इंग्रज सरकारचा पाटबंधाऱ्याचा हिशेब सावकाराचा होता. ज्या कालव्यातून गुंतवलेल्या रकमेचे व्याज सुटेल ते काम उत्पादक, बाकीचे केवळ संरक्षक. दख्खनच्या कोरड्या माळावर व्याज सुटत नसे, म्हणून मोठे काम बहुधा दुष्काळाच्या वर्षी निघे आणि पाऊस पडला की मंदावे. पाण्यासाठी काम आणि कामासाठी नियोजन असा सरळ क्रम नव्हता. आधी उपासमार, मग मजुरी आणि त्यातून झाले तर पाणी, असा तो उलटा क्रम होता.

१९१३ साली बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि त्यांनी अर्थशास्त्र हाती घेतले. पुढे लंडनलाही गेले. त्यांच्या अभ्यासाचे विषय पाहावेत. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचा पैसा, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या जमाखर्चाची वाढ, रुपयाचा प्रश्न. अस्पृश्यांच्या घरातून आलेला विद्यार्थी सरकारची चोपडी उघडून बसला होता! प्रांतांच्या जमाखर्चावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये छापला गेला. त्यातला मुख्य मुद्दा आपल्या घरच्या उदाहरणाने सांगता येईल. पैसा थोरल्या भावाच्या हाती आणि संसार धाकट्याच्या अंगावर अशी व्यवस्था असेल, तर धाकटा काटकसर कशाला करील? शिल्लक उरली तरी ती थोरल्याकडेच जायची. आणि धाकट्याच्या चुलीवर काय शिजते हे थोरल्याला कळणार कसे? १८३३ नंतर हिंदुस्थान सरकार आणि प्रांत ह्यांचे असेच झाले होते. १८७१ पासून प्रांतांना आधी नेमून दिलेली रक्कम, मग काही महसुलाच्या बाबी, मग महसुलात हिस्सा असे टप्प्याटप्प्याने कसे देण्यात आले, ह्याचा हिशेब बाबासाहेबांनी त्यात मांडला. काम ज्याच्याकडे त्याच्याकडे त्या कामाचा पैसाही आणि जाबही, हे सूत्र त्यांच्या मनात तेव्हापासून पक्के बसले असावे. पुढच्या चार वर्षांच्या मंत्रिपदात ते पावलोपावली दिसते.

मध्ये महाड येते. चवदार तळ्याचा लढा धर्माच्या रूढीविरुद्ध होता हे खरेच, परंतु तो सरकारी पैशाविषयीही होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केल्याचे १९२४ साली जाहीर केले आणि कागद दप्तरात ठेवून दिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो लोक त्या तळ्यावर गेले तेव्हा कोठे त्या ठरावाला पाणी लागले. पुढे दहा वर्षे कज्जा चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ठराव करणे वेगळे आणि ठराव अंमलात येणे वेगळे, हा धडा बाबासाहेबांना कोणी दिल्लीत शिकवण्याची गरज नव्हती.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. महायुद्ध ऐन भरात होते. मजूर खात्याचे नाव एक आणि पसारा निराळाच. कामगारांबरोबर खाणी, पाटबंधारे, वीज आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते, हे सारे त्यात येत होते. युद्ध संपल्यावर देशाची पुनर्रचना कशी करावी ह्यासाठी सरकारने समित्या नेमल्या. त्यांपैकी वीज व सार्वजनिक कामे ह्यांसंबंधीच्या धोरणसमितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. ऑक्टोबर १९४३ मध्ये ह्या समितीपुढे त्यांनी मांडलेली भूमिका सरळ होती. वीज हवी ती शहरातल्या बंगल्यांतील दिव्यांसाठी नव्हे. वीज मुबलक आणि स्वस्त मिळाल्यावाचून कारखानदारी वाढणार नाही आणि कारखानदारी वाढल्यावाचून जमिनीवरचा माणसांचा भार उतरणार नाही. लहान लहान शेततुकड्यांवरील १९१८ च्या आपल्या निबंधात त्यांनी हेच निदान केले होते. तेव्हा ते प्राध्यापकाचे निदान होते, आता सत्तेच्या खुर्चीवरून उपचार करण्याची वेळ आली होती.

त्याच वर्षी जुलैमध्ये दामोदर नदीला पूर आला. ही नदी छोटा नागपूरच्या डोंगरांत उगम पावते आणि बंगालच्या सपाटीवर उतरते. बरद्वानजवळ बांध फुटला, लोहमार्ग आणि मोठा हमरस्ता वाहून गेला आणि युद्धाच्या ऐन धामधुमीत कलकत्त्याचा बाकीच्या देशाशी संबंध तुटला. बंगालमध्ये तेव्हा भीषण दुष्काळही चालू होता, हे ध्यानात घ्यावे. बरद्वानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि अमेरिकेतील टेनेसी नदीसारखी व्यवस्था येथेही करावी असे तिने सुचवले. टेनेसी नदी आणि तिच्या उपनद्या सात राज्यांतून वाहतात. १९३३ साली तेथे संपूर्ण खोऱ्यासाठी एकच प्राधिकरण स्थापन झाले होते. पूर अडवणे, शेतीला पाणी, वीज, नौकानयन, मातीची धूप थांबवणे, सारे एका हाती.

आपल्याकडे अडचण कोठे होती? १९३५ च्या कायद्याप्रमाणे पाटबंधारे हा प्रांतांचा विषय. नदीचा उगम बिहारात, नुकसान बंगालमध्ये. धरण बांधायचे ते बिहारच्या जमिनीवर आणि त्याचा लाभ मिळायचा बंगालला. बिहारने आपली गावे बुडवून बंगालचा पूर का थांबवावा? आणि बंगालने परप्रांतातल्या धरणाला पैसा कोणत्या भरवशावर द्यावा? केंद्राला हुकूम सोडण्याचा अधिकार नाही. अशा पेचात नेहमी जे होते तेच झाले असते. समितीचा अहवाल, त्या अहवालावर दुसरी समिती आणि पुढचा पूर.

बाबासाहेबांनी तसे होऊ दिले नाही. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात त्यांनी बंगाल, बिहार आणि केंद्र अशा तिन्ही सरकारांना एका टेबलाभोवती बसवले. ऑगस्टमध्ये पुन्हा बैठक झाली. टेनेसीच्या कामाचा अनुभव असलेले अमेरिकन इंजिनियर वुर्डुइन ह्यांनी ह्या अवधीत संपूर्ण खोऱ्याचा आराखडा तयार केला. अंदाजे पंचावन्न कोटी रुपये खर्च धरला होता. नदीचे तुकडे प्रांतांच्या हद्दीप्रमाणे पाडायचे नाहीत, धरण केवळ एका हेतूसाठी बांधायचे नाही आणि ज्याला जो लाभ त्याने त्या प्रमाणात खर्च सोसायचा, ही मांडणी ह्या बैठकांतून पक्की होत गेली. बाबासाहेब स्वतः इंजिनियर नव्हते. पण इंजिनियरने नकाशा काढण्याआधी तीन सरकारांनी आपसात काय कबूल करायला हवे, हे त्यांना नेमके कळत होते, आणि माझ्या मते ह्यातच त्यांचे वेगळेपण आहे.

पुढे स्वतंत्र भारताच्या संसदेत काकासाहेब गाडगीळ ह्यांनी विधेयक मांडले, १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महामंडळ सुरू झाले. त्या कायद्यात खर्चाची वाटणी लिहून ठेवलेली आहे. विजेचा भांडवली खर्च तिन्ही सरकारांत सारखा, आणि पूरनियंत्रणाचा चौदा कोटींपर्यंतचा खर्च केंद्र व पश्चिम बंगाल ह्यांनी निम्मा निम्मा सोसायचा, बिहारने नव्हे. उगमाकडच्या गरीब प्रांतावर खालच्यांच्या पुराचा बोजा टाकला गेला नाही.

दामोदरचा आराखडा चालू असतानाच त्यांनी खात्याचीच बांधणी बदलली. १९४४ मध्ये वीज विकासाच्या योजना तपासण्यासाठी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. आयोगाचे पहिले अध्यक्ष ए. एन. खोसला हे नामांकित इंजिनियर. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच, आणि तो बाबासाहेबांच्या सल्ल्याने स्थापन झाला हे आयोग स्वतःच आपल्या इतिहासात नमूद करतो. पूर्वी प्रत्येक प्रांत आपापल्या इंजिनियरांकडून मोजणी करी, आपापला अंदाज धरी आणि शेजारच्या प्रांताशी भांडण पडले की कोणाचे आकडे खरे हे ठरवायला तटस्थ असे कोणी नसे. आता नदीचे पाणी मोजणारी, सर्वेक्षण करणारी आणि प्रांतांना सल्ला देणारी एक कायमची तज्ज्ञ संस्था तयार झाली.

ओरिसाची महानदी ही तिसरी मोठी कामगिरी. तेथे वर्षानुवर्षे पूर येत, वर्षानुवर्षे समित्या बसत आणि बहुतेकांचा रोख नदीकाठच्या बांधांवरच असे. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत बाबासाहेबांनी ह्या विचाराची दिशाच फिरवली. पाणी फार झाले म्हणून त्याला शत्रू समजून समुद्रात लोटून द्यायचे, ही रीत त्यांना मान्य नव्हती. पाण्याच्या आधिक्याने माणूस जितका भोगतो त्याहून कितीतरी अधिक पाण्याच्या अभावाने भोगतो, तेव्हा पाणी साठवा आणि त्याच पाण्यातून शेती, वीज व जलवाहतूक साधा, असे त्यांचे म्हणणे. मसूरच्या वाटेवर तहानेने रात्र काढलेल्या माणसाला हे पुस्तकात वाचावे लागले नसणार. मार्च १९४६ मध्ये हिराकुड धरणाची पायाभरणी झाली.

कामाच्या आराखड्यात काम करणारा माणूस कोठे होता? बाबासाहेबांच्या हाती मजूर खाते होते हे ह्या बाबतीत भाग्याचे ठरले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला जाऊन कोळशाच्या खाणीत खाली उतरले, कामगारांची घरे पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि तो पैसा कामगारांची घरे, पाणी, दवाखाने ह्यांवरच खर्च करायचा, असा तो निधी. १९४६ मध्ये अभ्रकाच्या खाणींसाठी तसाच कायदा झाला.

ही युक्ती साधी दिसते, पण तिचा अर्थ मोठा आहे. कामगाराचे घर सरकारी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर राहत नाही. मालाबरोबरच त्याच्या घराचा पैसा निघतो आणि वेगळ्या पेटीत पडतो. तो दानधर्म नाही, त्याच्याच घामाचा एक भाग आहे. पुढच्या सरकारांनी हाच नमुना लोहखनिज, चुनखडी असा वाढवत नेला आणि १९७६ साली विडी कामगारांसाठी उपकराचा व कल्याण निधीचा कायदा झाला. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. कामगार नेते नरसय्या आडम ह्यांच्या पुढाकाराने त्यांनी सहकारी संस्था काढली आणि कुंभारीची गोदुताई परुळेकर वसाहत उभी राहिली, त्या मागे विडी कामगारांच्या घरकुलासाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाने दिलेले साहाय्य होते. म्हणून धनबादच्या खाणीपासून कुंभारीपर्यंत एक वाट आहे असे म्हटले तर ती ओढाताण होणार नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि विडीवरचा तो उपकर रद्द झाला. कुंभारीलाच रे नगर ही तीस हजार घरांची दुसरी वसाहत पुढे आखली गेली आणि तिची पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली, ती पंतप्रधान आवास योजनेखाली. घरे मिळाली ह्याचा आनंदच आहे. परंतु कामगारांची राखून ठेवलेली पेटी एकदा बंद झाली की पुढच्या घरासाठी पुन्हा दर वेळी सरकारच्या दारी उभे राहावे लागते, हा फरक आपल्या लोकांनी नीट ओळखावा.

आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चरित्र नुसते गुणगान होईल. बाबासाहेबांनी मांडलेले सगळे पुढे तसेच झाले नाही. दामोदरच्या आराखड्यातील धरणांपैकी महामंडळाने तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत अशी चारच बांधली. १९६४ मध्ये दुर्गापूरच्या बंधाऱ्याचा व कालव्यांचा कारभार पश्चिम बंगाल सरकारने आपल्याकडे घेतला. महामंडळ उरले ते मुख्यतः वीज निर्माण करणारे. एक खोरे, एक कारभार ही कल्पना राज्यांच्या ओढाताणीत विरत गेली. आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांचे काय? लाभ खोऱ्यातल्या लोकांना प्रत्यक्ष मिळावा आणि हलवल्या जाणाऱ्यांना योग्य मोबदला मिळावा, हा प्रश्न त्या पहिल्या बैठकांतच घेतला गेला होता. तरी दामोदर खोऱ्यात हजारो संथाळ व इतर गरीब कुटुंबे उठली, हिराकुडखाली अडीचशेहून अधिक गावे गेली आणि मोबदल्यासाठी त्यांतल्या कित्येकांच्या पिढ्या झगडत राहिल्या. आराखडा करणारे आणि तो अंमलात आणणारे हात निराळे होते हे खरे, पण बुडालेल्या गावाला त्याचे समाधान कसे मिळणार?

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी मजूरमंत्रिपद सोडले आणि पुढल्या वर्षी ते कायदेमंत्री झाले. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून घटना लिहिताना मजूर खात्यातला अनुभव त्यांच्या पाठीशी होता. आंतरराज्य नद्यांचे नियमन सार्वजनिक हितासाठी केंद्राला करता यावे अशी नोंद केंद्रसूचीत आली. दोन राज्यांत पाण्याचा तंटा पडला तर त्याच्या निवाड्याची तरतूद कलम २६२ मध्ये आली. केंद्र आणि राज्ये ह्यांच्यातल्या पैशाच्या वाटणीसाठी दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याचे कलम २८० आले. १९२५ च्या त्यांच्या ग्रंथातला प्रश्न आता देशाच्या मूलभूत कायद्यात उत्तरासह बसला. सरकारी खर्चाची तपासणी करणारा महालेखापरीक्षक हा घटनेतला कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याला न्यायाधीशांइतके स्वातंत्र्य हवे, असे त्यांनी घटना समितीत आग्रहाने सांगितले. कॅशियरच्या मुलाने हा आग्रह धरावा ह्याचे आश्चर्य वाटायला नको.

१९५६ हे वर्ष आपल्याला १४ ऑक्टोबरमुळे आणि ६ डिसेंबरमुळे कधीच विसरता येत नाही. त्याच वर्षी संसदेने घटनेतील ह्या तरतुदींवरून दोन कायदे केले. पहिला नदी मंडळांचा, म्हणजे भांडण होण्याआधी राज्यांनी एकत्र बसून नदीची आखणी करण्याचा. दुसरा आंतरराज्य पाणीतंट्यांचा, म्हणजे भांडण झाल्यावर लवाद नेमण्याचा. पहिल्या कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ नेमले गेलेले नाही. दुसऱ्याखाली लवादामागून लवाद झाले. त्यांतला एक १९६९ साली न्यायमूर्ती बचावत ह्यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा खोऱ्यासाठी बसला. कृष्णेची उपनदी भीमा, आणि तिच्यावरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. उजनीचे पाणी आज सोलापूरकरांना मिळते, त्या भीमेत महाराष्ट्राचा हिस्सा किती हे ठरले ते त्या लवादाच्या निवाड्याने. हिराकुड धरणाचे उद्घाटन १३ जानेवारी १९५७ रोजी झाले, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अडतिसाव्या दिवशी.